चर्चमधल्या बाहुल्या: आधी हात, मग बाहुली

संडे स्कूलमध्ये बाहुल्यांचा संघ काढायचं ठरलं की पहिली चर्चा बाहुल्या कुठून आणायच्या याची होते. ती महिनाभर पुढे ढकला. आधी मुलांचे हात तयार करायचे. कच्च्या हातावर महागडी बाहुलीसुद्धा छताकडे बघत नुसता जबडा आपटत राहते, आणि सरावलेल्या हातावर साधा मोजाही बोलायला लागतो.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या कितीही देखण्या असल्या तरी दोऱ्यांचं काम मुलांना एका हंगामात जमणारं नाही. तीन बोटांवर घालायची हातबाहुली सोपी, पण तिचं तोंड उघडत नाही, त्यामुळे मागच्या बाकावरच्या माणसाला कोण बोलतंय ते कळत नाही. चर्चच्या कामाला तोंड उघडणारी, कोपरापर्यंत बाही असलेली बाहुली बरी.

संघात आठ मुलं पुरेत, वय दहा ते पंधरा. एका वेळी चारच बाहुल्या वर. बाकीच्यांपैकी एक जण आवाजावर, एक सामान हातात द्यायला, दोघं अदलाबदलीला. नऊच्या आतल्या मुलांचा हात दोन मिनिटांत खाली येतो. त्यांना पडद्यापुढे कृतिगीतात घ्या, तिथे ती जास्त खुलतात.

पहिले चार रविवार रिकाम्या हाताने सराव. दंड कानाला टेकलेला, हात सरळ वर, मनगटातून पंजा पुढे वाकवलेला. सुरुवातीला दीड मिनिट, मग दर आठवड्याला अर्धं मिनिट वाढवत नेलं की सलग तीन मिनिटं हात वर राहतो. दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला तर चालतं. डोकं हाताला टेकवलं की मात्र बाहुली तिरकी होते.

आता बोलणं. चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. बोलताना फक्त अंगठा खाली यायला हवा, बोटं जागची हलता कामा नयेत. शंभरातली नव्वद मुलं उलटं करतात: बोटं वर उचलतात, आणि प्रत्येक शब्दाला बाहुलीचं टाळकं मागे उडतं. उपाय सोपा आहे. हाताच्या पाठीवर एक खोडरबर ठेवा आणि एक ते वीस मोजायला लावा. रबर पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी चूक म्हणजे शब्द चावणं. शब्द उच्चारताना तोंड उघडायला हवं, मुलं ते मिटतात. तिसरी म्हणजे लिहिलेल्या अक्षरांप्रमाणे तोंड हलवणं. ‘अकरा’ कागदावर तीन अक्षरं, पण तोंड दोनदाच उघडतं: अक-रा. ‘नमस्कार’ तीनदा, ‘एकोणीस’ तीनदा. अकरा ते वीस हे आकडे म्हणूनच सरावाला उत्तम. गाण्यात लांबवलेल्या सुरावर तोंड उघडं धरून ठेवायचं, हलवत राहायचं नाही. घाईच्या वाक्यात सगळे उच्चार पकडता आले नाहीत तर जोर असलेले तेवढे पकडा.

नजर हा सगळ्यात अवघड भाग. वेदीचा चौथरा फूट-दीड फूट उंच, त्यावर चार फुटांचा पडदा, आणि मुलं खाली सतरंजीवर बसलेली. म्हणजे बाहुलीचे डोळे सहा फुटांच्याही वर आणि बघणाऱ्यांचे जेमतेम दोन फुटांवर. मनगट सरळ राहिलं तर बाहुली पंख्यांशी बोलते. तालमीत कोणीतरी पहिल्या रांगेच्या जागी खाली बसून मोबाइलवर फोटो काढावा. फोटोत हनुवटी जास्त आणि डोळे कमी दिसले तर मनगट आणखी वाकवा. पडद्यामागच्या मुलाला ते फारच वाकल्यासारखं वाटतं, समोरून बरोबर दिसतं.

बाहुलीने जिना चढल्यासारखं, तीन-चार हलक्या झोक्यांत वर यावं आणि तसंच खाली जावं. खालून एकदम उगवली की लहान मुलं हसतात, तेही चुकीच्या जागी. प्रसंग चालू असताना बाहुली इंचाइंचाने बुडत जाते आणि ते तिच्या मालकाला कळत नाही. पडद्याच्या आतल्या बाजूला, काठाखाली, पांढरी चिकटपट्टी लावा. कोपर तिच्या खाली गेलं की हात थकला.

रंगमंच पीव्हीसी पाइपचा करा. पडद्याची उंची ठरवायची रीत अशी: सगळ्यात उंच मुलाला गुडघ्यांवर बसवा, डोक्यापर्यंत मोजा, वर दोन इंच सोडा. बहुतेक संघांत हे माप चार फुटांच्या आसपास येतं. बुटक्या मुलांच्या गुडघ्यांखाली घडी घातलेली सतरंजी. दर्शनी बाजू आठ फूट, दोन्ही बगला तीन-तीन फूट. एक इंची पाइपचे चार फुटी नऊ तुकडे आणि तीन फुटी चार तुकडे लागतात. वीस फुटी तीन पाइपांत भागतं, वर बारा फूट उरतो. तो टाकू नका. आठ फुटांच्या मधोमध ‘टी’ लावून उभा आधार द्यायचाच, नाहीतर पडद्याच्या वजनाने वरचा पाइप पोट काढतो. सांधे सोल्युशनने चिकटवू नका. नुसते दाबून बसवा आणि प्रत्येक सांध्यावर मार्करने आकडे घाला, म्हणजे दहा मिनिटांत उभारणी होते. तळाच्या पाइपांवर वाळूच्या चार पिशव्या. लहान मुलं पडदा ओढतातच.

कापड काळं किंवा गडद निळं, जाड सुती. मांजरपाट पातळ पडतं. खिडकी मागे असेल तर सकाळच्या उपासनेत आतल्या मुलांच्या सावल्या सगळ्या मंडळीला दिसतात. विकत घेण्याआधी दुकानातच कापडामागे मोबाइलची बॅटरी लावून बघा. रुंदी दीडपट घ्या, चुण्या पडल्या की आतली हालचाल लपते.

आवाज आधी ध्वनिमुद्रित करावा, या मताचे आम्ही आहोत. हात वर धरून, तोंड हलवून, शिवाय संवाद आठवणं ही मुलांवर जास्तीची मेहनत आहे. मोबाइलवर, गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीत मुद्रण करा, रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. सुरुवातीला आठ सेकंद संगीत ठेवा, बाहुल्या वर येण्यापुरतं. विनोदानंतर दोन सेकंद मोकळे सोडा, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. प्रयोगाच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर. हे विसरलं की भर प्रसंगात कोणाच्यातरी मावशीचा फोन येतो. लाइट गेली तर ढोलकीवर, विनामाइक म्हणता येईल असं एक गाणं तयार हवं.

प्रसंग चार मिनिटांचा पुरे. जक्कयाची गोष्ट (लूक 19) पहिल्या प्रयोगाला चांगली, कारण बुटका माणूस आणि झाड ही जोडी बाहुलीला जमते. उंबर पुठ्ठ्याचा, पडद्याच्या वर अडीच फूट, रुंदी दोन फूट. जक्कय चढतो तेव्हा मूल गुडघ्यांवरून उभं राहतं आणि त्याचं डोकं पडद्याच्या वर येतं. ते पानांमागे लपलं पाहिजे, म्हणून ही भूमिका संघातल्या सर्वांत ठेंगण्या मुलाकडे द्या. चढणं तीन धक्क्यांत: वर, थांबा, प्रेक्षकांकडे बघा, पुन्हा वर.

येशूची बाहुली करू नये. बऱ्याच मंडळ्यांना ते खटकतं, आणि खटकण्याला अर्थ आहे. त्याचा आवाज हॉलच्या मागून, मोठ्या माणसाच्या तोंडून येऊ द्या. झाडावरचा जक्कय तिकडे बघतो आणि सगळी मुलं मागे वळतात. जक्कयाच्या तोंडी अर्धी मालमत्ता गरिबांना आणि चौपट परतफेड, एवढं शास्त्रात आहे तेवढंच. एरवीच्या गमत्या बाहुलीने ‘माझं तारण झालं’ म्हणू नये, प्रार्थनाही करू नये. ती फोमची आहे. प्रार्थना पुढे उभ्या माणसाने करायची.

पुढे उभं राहणारा हा माणूस लागतोच. त्याला कीर्तनकाराचा बाज दिला तर आपल्या मंडळीत तो उपरा वाटत नाही. ना. वा. टिळकांच्याही आधीपासून ख्रिस्ती कीर्तन आपल्याकडे आहेच. हातात झांज, गोष्ट तो सांगतो, आणि बाहुली मधेमधे तोंड घालून नको ते प्रश्न विचारते. यात संवाद कमी लागतात आणि बाहुल्यांना खाली जाऊन हात झाडायला वेळ मिळतो.

बाहुली घरी करायची तर अर्धा इंची फोम, त्यावर फ्लीस किंवा जुनं स्वेटर. जबड्याचा पुठ्ठा जुन्या रजिस्टरचा, मुलांसाठी नऊ सेंटिमीटर रुंद. मोठ्यांच्या मापाने केला तर बोटं आत पोहोचत नाहीत आणि तोंड नीट मिटत नाही. फोमला रबरी चिकटद्रव वापरा. ग्लू गन कडक होते आणि घडीवर तडकते. डोळे टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे, एकमेकांजवळ, बुबुळं किंचित नाकाकडे. मधोमध काढली तर बाहुली कुठेच बघत नाही. बाहुलीचा हात हलवायला छत्रीची काडी, टोकावर चिकटपट्टीचा गोळा करूनच.

पडद्यामागे दोन मोठी माणसं असावीत, एकटं कोणी नको, आणि मागची बाजू उघडी ठेवा. फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकण्याआधी पालकांना विचारा. शेवटी मुलांना पडद्याबाहेर आणून नावं घ्या, चार मिनिटं ती कोणालाच दिसलेली नसतात.

प्रयोगानंतर बाहुल्या लगेच पिशवीत कोंबू नका. आतला घाम सुकू द्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. आत पातळ सुती मोजा घालायची सवय लावली तर तोच धुता येतो. चर्चच्या अडगळीच्या खोलीत उंदीर असतातच आणि फोम त्यांना फार आवडतो, तेव्हा पत्र्याची ट्रंक घ्या आणि कडी घट्ट लागते का ते बघून घ्या.