मी आपला बघतो

जेवणं आटोपली की दीड ते साडेतीन आमच्या साखळी गावात काही घडत नाही. बाजारातली शटरं खाली, कुत्री सावलीत, आणि फोन वाजलाच तर पलीकडचा माणूस गोव्याबाहेरचा. अशाच एका दुपारी मी पंख्याखाली आडवा पडून दारू पिऊन मेलेल्या मांजरांची हकिगत वाचत होतो. पुतण्या पाणी प्यायला आत आला, जाता जाता माझ्या फोनमध्ये डोकावला आणि थबकलाच.

"काका, तू ड्वॉर्फ फोर्ट्रेस खेळतोस?"

"छे रे."

"मग हे काय?"

"वाचतोय."

"न खेळता?"

सोमवारचा उपास धरून कोणी मासळीबाजारात नुसता फेरफटका मारून यावा, त्याच्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मी कूस बदलली आणि पुन्हा मांजरांकडे वळलो.

मांजरांचं झालं होतं ते असं. ड्वॉर्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात बुटके लोक डोंगर पोखरून आत गाव वसवतात. २०१५च्या अखेरीस खेळ रचणाऱ्याने त्या गावात तावेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, आणली. बुटके आले, प्यायले, पेले लवंडले. थोड्याच दिवसांत एका खेळणाऱ्याच्या लक्षात आलं की तावेर्नीत मांजरं मरताहेत. लढाई नाही, रोगराई नाही, आणि मांजरं पटापट आडवी होताहेत. शोध घेतला तेव्हा कळलं की मांजर सांडलेल्या बियरमधून चालत जातं, पंजे भिजतात, मग कुठल्याही मांजरासारखं ते बसून पंजे चाटतं, आणि हिशेबात एक चूक राहिल्यामुळे प्रत्येक चाटण्याला अख्खा पेला पोटात गेल्याची नोंद होते. मांजराचा जीव तो केवढा! मांजर दारूने मरेल असं कोणी मुद्दाम लिहिलं नव्हतं. पाय भिजणं वेगळं लिहिलं होतं, अंग चाटणं वेगळं, दारू चढणं वेगळं. तिन्ही गोष्टी आपापल्या वाटेने निघाल्या आणि मांजराच्या पोटात एकमेकींना भेटल्या.

आणि हे सगळं चाललेलं असताना पडद्यावर मांजर म्हणजे नुसतं इंग्रजी 'सी' हे अक्षर. कुत्रा म्हणजे 'डी'. मला आवडतं ते हेच.

टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी २००२ साली हा उद्योग आरंभला, २००६मध्ये लोकांच्या हाती दिला आणि पुढे कित्येक वर्षं लोकांच्या देणग्यांवर घर चालवलं. चित्रांनी सजवलेली, विकत घ्यायची आवृत्ती आली ती थेट २०२२च्या डिसेंबरात. खेळ सुरू होण्याआधी तो आपल्यापुरतं एक जग रचतो. नद्या-डोंगर तर रचतोच, पण शेकडो वर्षांचा इतिहासही रचतो, त्यात राज्यं येतात-जातात, देव असतात, खानदानी वैरं असतात. मग तुम्ही सात बुटके आणि एक सामानाचा गाडा घेऊन त्यात कुठेतरी उतरता. बुटक्यांना दारू मिळाली नाही तर त्यांची कामं मंदावतात. बाहेरच्या लोकांचं गोव्याविषयी नेमकं हेच मत असल्यामुळे या मुद्द्यावर मी जास्त बोलत नाही.

या खेळाची जुनी, अक्षरांची आवृत्ती अजून फुकट मिळते. म्हणजे पैशाचं कारण सांगायची सोय नाही. वेळ नाही म्हणावं तर त्याच्याविषयी वाचण्यात माझा जेवढा वेळ जातो तेवढ्यात एखादं बरं गाव वसलं असतं. विहीर कशी खणायची ते मला ठाऊक आहे. एखाद्या बुटक्याला मध्येच झपाटतं, तो एक कार्यशाळा अडवून बसतो, मला अमुक हाडं आणा, तमुक खडे आणा म्हणतो, आणि दिले नाहीत तर वेडा होतो, हेही मला ठाऊक आहे. पण माझे सात बुटके मात्र मला नकोत. त्यांना मी तहानेने मारणार, हे लिहून घ्या. हरण्यातच मजा आहे असं या खेळाचं ब्रीद आहे. असेल. दुसऱ्याचं गाव बुडालं तर त्याची गोष्ट होते. माझं बुडेल तेव्हा नुसती दुपार बुडेल.

एक अट मात्र आहे माझी. हकिगत लिहिलेली हवी. हल्ली सगळ्यांचे व्हिडिओ असतात आणि कोपऱ्यातल्या चौकोनात एक माणूस कानाला हेडफोन लावून अंगावर पाल पडल्यासारखा ओरडत असतो. दुपारच्या वेळी तो माणूस घरात नको.

लहानपणी शुक्रवारी आईबरोबर म्हापशाच्या बाजाराला जायचो. आई सुक्या मिरच्या आणि कांद्याच्या माळा निवडत बसली की अर्धा तास माझा. बाजारालगत एक खाणावळवजा बार होता आणि त्याच्या दारात नाणं टाकून खेळायचं एक मशीन होतं. मोठी पोरं खेळत तेव्हा पुढचं काही दिसत नसे, नुसत्या पाठी. पण भरदुपारी तिथे कोणी नसायचं. मशीन मग स्वतःच खेळत बसे. एक माणूस उड्या मारत डावीकडून यायचा, दोन शत्रूंना लोळवायचा, शिडी चढायचा आणि तिसऱ्याच्या हातून मरायचा. मग नाणं टाका अशी अक्षरं लुकलुकायची आणि तो पुन्हा डावीकडून यायचा. तोच माणूस, तीच शिडी, तेच मरण. काउंटरवरचा माणूस एकदा म्हणाला, "बाबू, नाणं टाक, मग तू चालवशील." नाणं खिशात होतं. त्याचं मी खाजं घेतलं. तो माणूस शिडीच्या वर कधीतरी आपल्या आपण पोचतो का, ते मला बघायचं होतं.

बघत बसण्याला गोव्यात फारशी प्रतिष्ठा नाही. आमच्याकडे देवळाच्या कालोत्सवाला रात्री नाटक असतं आणि ते गावातल्यांनीच करायचं असतं. मी आपला बघतो म्हणणाऱ्याला कोणी सोडत नाही. पोस्टातला माणूस शिवाजी होतो, सोडावाल्याचा मुलगा सोयराबाई होतो, तुम्ही कोण मोठे लागून गेलात? मीही वयात आल्यावर धरला गेलोच. भाल्यासकट उभा राहायचं काम मी शिताफीने टाळलं आणि प्रॉम्प्टर झालो. ते पद मग वर्षानुवर्षं माझ्याकडेच राहिलं. विंगेत स्टूल, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि शेजारी पावडरचा आणि दाढी चिकटवायच्या स्पिरिट गमचा तो घमघमाट. आमच्या औरंगजेबाशी माझा करार होता. वाक्य विसरलं की तो दाढी कुरवाळत विंगेकडे सरकायचा. एका वर्षी तो इतका कुरवाळत राहिला की तिसऱ्या अंकात अर्धी दाढी त्याच्या हातात आली आणि उरलेल्या अर्ध्या दाढीवर त्याने दख्खन जिंकायची प्रतिज्ञा केली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ असायची, आणि माझ्या तोंडाला कधी रंग लागला नाही. काय बिघडलं?

दिवसभर मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. त्यामुळे असेल, पण ईव्ह ऑनलाइनची जी लढाई जगभर गाजली ती मला फार जवळची वाटते. हा २००३पासून चाललेला आइसलँडच्या कंपनीचा खेळ. अंतराळ, जहाजं, व्यापार, आणि हजारो माणसं एकाच आकाशात. खेळणारे स्वतःच त्याला अंतराळातली हिशेबवही म्हणून हिणवतात. तर यातल्या आकाशाच्या एका तुकड्यावर ताबा ठेवायचा असेल तर तेव्हा खेळातल्या पैशांत त्याचं भाडं वेळेवर भरावं लागायचं. २७ जानेवारी २०१४ला बी-आर५आरबी नावाच्या जागेचं भाडं भरलं गेलं नाही. एवढंच. ताबा सुटला, टपून बसलेल्यांनी झडप घातली आणि लढाई पेटली ती २१ तास. इतकी जहाजं गोळा झाली की यंत्रांना झेपेना, म्हणून खेळानेच आपला काळ दहापट मंद केला. सुटलेली तोफ लागायची तरी वाट बघत बसायचं! टायटन नावाची जहाजं बांधायला महिने लागतात, ती ७५ बुडाली. खऱ्या पैशांत नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेलं. त्यांचे सांगाडे कंपनीने त्या जागी कायमचे ठेवून दिले आहेत.

थकलेल्या हप्त्याचे परिणाम काय होतात ते सभासदांना समजावून सांगताना ही गोष्ट माझ्या अगदी जिभेवर येते. अजून सांगितलेली नाही.

ईव्ह मी खेळावा असं पुतण्यालासुद्धा वाटत नाही. आणि माझी बाजू घ्यायला चक्क न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आहे. २०१२ साली त्यांनी आपल्या संग्रहात पहिले १४ व्हिडिओ गेम घेतले, त्यात ड्वॉर्फ फोर्ट्रेस आहे आणि ईव्हही आहे. पण प्रदर्शनात ईव्ह खेळायला ठेवणार कसा? वर्षानुवर्षं खपलेल्या माणसांचा तो संसार, येणाऱ्याजाणाऱ्याने दोन मिनिटांत काय करायचं? म्हणून त्याची चित्रफीत करून लावली. तिकीट काढून आलेल्यांनीही उभं राहून बघितलंच ना?

पणजीला मांडवीत ते कॅसिनोंचे दिवे झगमगतात, तेही आम्ही लांबूनच बघतो. २०२०पासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदीच आहे. पण ते या यादीत येत नाही. तिथलं आत काय चालतं याची हकिगत वाचावी असं मला कधी वाटलं नाही. मांजर मरत असेल तर गोष्ट वेगळी.

पुतण्याचा स्वतःचा लाडका खेळ म्हणजे युरो ट्रक सिम्युलेटर २. यात ट्रक चालवायचा. बस, इतकंच. माल भरायचा, सिग्नल पाळायचे, डोळ्यांवर झापड आली की गाडी बाजूला घेऊन झोपायचं, वेग वाढला तर दंड भरायचा. बँकेचं कर्ज काढून ट्रक घ्यायचा आणि फेडत राहायचं. हे घरबसल्या करायला लोक पैसे मोजतात. हा खेळ झेक प्रजासत्ताकातल्या कंपनीने बाजारात आणला तो २०१२च्या ऑक्टोबरात. त्या ऑक्टोबरात आमच्याकडे काय चाललं होतं ते या भागात कोणाला सांगायला नको. सप्टेंबरात सरकारने लोखंडाच्या खाणी थांबवल्या होत्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खनिज काढणं आणि वाहणं दोन्ही बंद केलं. रस्त्यावरची लाल धूळ पहिल्यांदा खाली बसली आणि दारोदार खनिज वाहणारे टिप्पर उभे राहिले. मध्ये थोडं सुरू झालं, २०१८ला पुन्हा थांबलं.

शेजारच्या आप्पांचे दोन टिप्पर होते, दोन्ही कर्जावर. एक विकला. दुसरा माडाखाली उभा आहे, त्याच्या हौद्यात दर पावसाळ्यात गवत उगवतं. आप्पा आमच्याकडे चारच्या सुमाराला पेपर वाचायला येतात. परवा आले तेव्हा पुतण्या हॅम्बर्गहून प्रागकडे निघाला होता, पडद्यावर पाऊस आणि वायपर. आप्पा पेपर घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले ते राहिलेच.

"आरसा बघ," म्हणाले.

थोड्या वेळाने, "उतार आहे. गियर खाली घे. ब्रेकवर उतरू नको."

पुतण्याने गियर खाली घेतला. मग खुर्ची मागे सारून म्हणाला, "आप्पा, चालवता?"

"नको. तू चालव, मी बघतो."

मला बरं वाटलं. आमच्या पंथात एक माणूस वाढला. पण आप्पा नुसते बघत नव्हते.

"भाडं किती?"

पुतण्याने युरोतला आकडा सांगितला. आप्पांनी तो रुपयांत करून घेतला आणि चष्मा काढून पुसला.

"आणि येताना? रिकामा येतोस?"

"नाही. तिथे पण माल मिळतो."

"रोज?"

"रोज. कुठल्याही गावात जावा, माल असतोच."

"बंद पडत नाही कधी?"

"नाही हो आप्पा. कशाला बंद पडेल?"

आप्पांनी पडद्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं. पाऊस उघडला होता, टोलनाका येत होता.

"मग ह्यात खेळ तो कसला?" ते म्हणाले, आणि पेपर घेऊन सोप्यावर जाऊन बसले.