आमची वाटचाल : भडक न करता टिकवलेला ‘कुसर’

नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत. त्याच गावात अत्तर विकायला बसलं की गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, “कन्नौजचा आहे ना?” नाही. आमचा ‘कुसर’, म्हणजे कुसर या रानफुलाच्या वासाचं अत्तर, इथला आहे आणि आजही खपतो.

मला या धंद्यात मामांनी आणलं. भद्रकालीत त्यांचा छोटा गाळा होता. देगेखाली, म्हणजे फुलं उकळायच्या तांब्याच्या भांड्याखाली आच किती, झाकणाची माती कधी लिंपायची, वाफ जिथे गोळा होते तो भपका गार राहिला की नाही हे हाताने कसं ओळखायचं, सगळं त्यांच्याजवळ शिकलो. कुसरीचं वेड मात्र माझं. उन्हाळ्यात अंजनेरीच्या वाटेवर संध्याकाळी आधी वास येतो, झुडूप मागाहून दिसतं. मोगऱ्याच्याच जातीचा वास, पण गोडवा कमी, आणि त्यात तापलेल्या कातळाचा, वाळल्या गवताचा कोरडेपणा.

रानातली फुलं ओरबाडायची नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरलं. जानोरी-मोहाडीचा पॉलिहाऊसचा गुलाब देखणा, पण त्याला वास कुठे? म्हणून तमिळनाडूचा मोगरा ॲब्सोल्यूट (फुलांचा घट्ट अर्क), हेडिओन (मोगऱ्याच्या वळणाचं कृत्रिम सुगंधी द्रव्य), वाळा आणि अगदी नखभर नागरमोथा यांतून तो वास जुळवायला बसलो. मिलिग्रॅमचा काटा, काचेची कांडी आणि दोरीला चिमट्यांनी लटकवलेल्या ब्लॉटरच्या, म्हणजे वास पारखायच्या टीपकागदाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर मामा पेन्सिलीने वेळ लिहीत आणि निकाल दुसऱ्या दिवशी सकाळीच देत. रात्रभरात जिचा नागरमोथा वर आला, ती पट्टी बाद.

माल बरा चालला. मग एका वितरकाने जिल्हाभर माल ठेवायची तयारी दाखवली. दोनच महिन्यांत त्याची तक्रार सुरू, “जरा भडक करा हो, दारातून वास आला पाहिजे.” मी नकार दिला. त्या दिवाळीत त्याने स्वतःचीच बाटली बाजारात आणली. तशीच हिरवट काच, लेबलवर तसाच डोंगर, तसंच पांढरं फूल, किंमत निम्मी. आत डीईपी (अत्तर पातळ करायचं बिनवासाचं स्वस्त रसायन) ओतून पातळ केलेला उग्र मोगरा, डोकं धरणारा. आमची खोकी परत आली ती उन्हात ठेवलेली. रंग उतरलेला, वरचा ताजेपणा गेलेला. पैसे नाहीतच. सीझन संपला, सातपूरचा गाळा सोडला, व्हॅन विकली. भंगारवाला मामांची देग तांब्याच्या भावाने मागायला आला, त्याला दारातूनच परत पाठवला. देगेच्या कडेवर मातीचे थर बसलेत, आत वाळ्याचा वास मुरलाय. त्याचा भाव तो काय करणार?

त्या काळात गंगापूर रोडच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी आम्हाला उभं ठेवलं. दर संक्रांतीला येतात, सहा मिलीची कुपी घेतात. त्या वर्षी आल्या, फाया कानामागे ठेवला, अर्धा तास गप्पा मारत बसल्या आणि मग म्हणाल्या, “तोच आहे.” आणि बारा कुप्यांची ऑर्डर, पैसे आगाऊ. पुढे त्यांच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी यायला लागल्या. आमचं आजचं गिऱ्हाईक बरंचसं त्याच ओळखीतून आलेलं आहे.

जाता जाता सांगतो. अत्तर मनगटावर घासू नका, नुसतं टेकवा. पहिल्या पाच मिनिटांत पसंत करू नका, बाजारात एक चक्कर मारून या. कुपी देव्हाऱ्यात ठेवा, पण समईजवळ नको; खिडकीत तर मुळीच नको. आणि नवीन पोरांनो, कंपाउंड, म्हणजे सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, चार आठवडे मुरू द्या, स्पिरिट नंतर. उधारीवर वितरकाला माल देताना खोकी मोजून, सही घेऊन द्या, तो कितीही गोड बोलत असला तरी. मंद वास म्हणजे कमी माल नव्हे, उलट त्यात लबाडी लपत नाही, म्हणून जास्त खर्च येतो.

गेल्या वर्षी त्याच वितरकाचा फोन आला. गिऱ्हाईक ‘कुसर’ मागतंय, म्हणाला. आधीची बाकी चुकती करा, मग बोलू, एवढंच सांगितलं. बाकी अजून आलेली नाही आणि माल त्याच्याकडे गेलेला नाही.