खालच्या लीगमधल्या मिडफिल्डरची कारकीर्द जुळवताना: माझा अनुभव

स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये खालच्या विभागांत वर्षानुवर्षं खेळलेल्या एका मिडफिल्डरचे सगळे सामने मी नुकतेच जुळवून काढले. असलं काम हाती घेणार असाल तर सामन्यांची वर्णनं वाचत बसू नका. त्यात गोल करणारा असतो, गोलकीपर असतो. मधल्या फळीत चेंडू अडवणाऱ्याचं नाव बहुधा पिवळं कार्ड मिळालं तरच येतं. मी थेट संघयादीपासून सुरुवात केली. एडिनबराचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ग्लासगोची मिचेल लायब्ररी, दोन्हीकडे जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात.

दर हंगामाला एक पान. लीग, स्कॉटिश कप, लीग कप, चॅलेंज कप आणि प्ले-ऑफ (वरच्या-खालच्या विभागात जाण्याचा निकाल लावणारे हंगामाअखेरचे सामने) यांचे रकाने वेगळे. सुरुवातीपासून खेळलेले आणि बदली म्हणून उतरलेले सामने २१+७ असे लिहायचे. आकडे सगळ्यात जास्त फुगतात ते इथेच, कारण बाकावरून न उठलेल्यांची नावंही त्याच ओळीत छापलेली असतात. बदलीचं मिनिट दिसलं तरच मी खूण करतो.

१९९४ नंतर विभागात दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, म्हणजे ३६ सामने. एकाच क्लबकडून ४० दिसले तर प्ले-ऑफचे चार आत शिरलेत का ते बघा. खालच्या विभागांत ते २००५-०६ पासून आहेत. उलट २०२०-२१ ला लीग वन आणि लीग टूमध्ये (तिसरा आणि चौथा विभाग) कोविडमुळे २२ सामन्यांतच हंगाम आटोपला. तिथे २० दिसले म्हणून दुखापत शोधू नका.

तशी आठवड्याच्या मधल्या दिवसांतली प्रत्येक गैरहजेरीही दुखापत नसते. यातले बरेचजण दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येतात. मंगळवारी रात्री स्ट्रॅनरारहून पीटरहेडला जायचं म्हणजे देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून ईशान्य कोपऱ्यात. कामावरून सुट्टी मिळाली नाही की नाव गळालंच.

खरी डोकेदुखी म्हणजे ‘ए. ट्रायलिस्ट’. करार करण्याआधी खेळाडूला प्रत्यक्ष सामन्यात आजमावून बघायची मुभा खालच्या विभागांत असते, आणि यादीत त्याच्या नावाऐवजी हेच छापतात. पुढच्याच आठवड्यात आपल्या माणसाने त्या क्लबशी करार केला तर मोह होतोच. तरीही मी पेन्सिलीनेच लिहितो. गावच्या साप्ताहिकात किंवा पुढच्या सामन्याच्या पत्रिकेत नाव सापडलं की मगच शाई.

क्लबांची नावंही फसवतात. जुना एअर्ड्रिओनियन्स २००२ मध्ये बुडाला. नंतरच्या एअर्ड्री युनायटेडने क्लाइडबँक विकत घेऊन लीगमधली जागा मिळवली आणि २०१३ मध्ये पुन्हा एअर्ड्रिओनियन्स हे नाव घेतलं. नुसतं ‘एअर्ड्री’ लिहिलंत तर दोन क्लबांची बेरीज एका ओळीत पडते. क्वीन्स पार्क २०१९ पर्यंत हौशी क्लब होता, तेव्हा तिथल्या जुन्या वर्षांसाठी पगाराचा करार शोधण्यात वेळ घालवू नका. लोनवरचे (दुसऱ्या क्लबला उसना दिलेला असतानाचे) सामने ज्या क्लबकडून खेळला त्याच्याच नावावर टाका. तारीखही घोषणेची नको, पहिल्या सामन्याची घ्या.

शेवटची तपासणी कंटाळवाणी आहे, पण मी ती टाळत नाही: एका खेळाडूसाठी अख्ख्या संघाचा हंगाम मांडायचा. ११ गुणिले ३६, म्हणजे सुरुवातीपासून खेळलेल्यांची बेरीज ३९६ यायलाच हवी. एका हंगामाची माझी बेरीज ३९५ वर अडली होती. ट्रायलिस्टला स्वतःची ओळ द्यायची राहिली होती.