‘मग, किती किलो उतरले?’

रविवार, रात्री साडेनऊ

आज दिवसभरात ज्यांनी ज्यांनी माझ्या अर्धमॅरेथॉनची विचारपूस केली, त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती वेळ लागला?’ असा नव्हता, तर ‘मग, किती किलो उतरले?’ असा होता. माझ्यासोबत सराव करणाऱ्या सडपातळ मैत्रिणीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिला धावायला आवडते म्हणून ती धावते, हे लोकांना न सांगता पटते. मी मात्र कसले तरी प्रायश्चित्त घेत असणार, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. माझे वजन 95 किलो आहे, बरीच वर्षे ते तिथेच थोडे मागेपुढे होत आले आहे, आणि याच वर्षांत मी पाच किलोमीटरवरून एकवीसवर आले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे समजावून सांगताना माझा जितका दम जातो, तितका दोनापावलाच्या चढावरही जात नाही.

आजचा मार्ग पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याच्या दिशेने जाऊन त्याच रस्त्याने परत येण्याचा होता. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला रायबंदरचा बांध पहाटेच्या अंधारात फार सुखद वाटतो, परंतु परतताना, ऊन चढल्यावर, तिथे सावली औषधालाही सापडत नाही. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये माझ्या मागे रुग्णवाहिका तेवढी उरली होती, आणि तिचा चालक अगदी सौजन्याने, थोड्या थोड्या वेळाने, काच खाली करून ‘बसता काय मॅडम?’ असे विचारत होता. त्याला माझी काळजी होती हे मी मान्य करते. पण माझ्या थोडा पुढे एक तरुण पोटरीत गोळा आल्यामुळे उघड उघड लंगडत चालला होता, आणि त्याला मात्र एकदाही कोणी गाडीत बसायला सांगितले नाही.

बांध संपल्यावर जो पाण्याचा थांबा होता, तिथे पोहोचले तेव्हा निळे जार उलटे करून ठेवलेले होते, केळ्यांच्या खोक्यात नुसत्या साली होत्या आणि एक मुलगा टेबलावरचा भिजलेला कागद गुंडाळत होता. आयोजकांनी जाहीर केलेली मुदत साडेतीन तासांची होती. मी त्या मुदतीच्या आत होते आणि शर्यतही मुदतीतच पूर्ण केली. त्या मुलाने ओशाळून स्वतःच्या पिशवीतील अर्धी बाटली माझ्या हातात दिली. त्याला ‘गर्दी गेली की आवरा’ एवढेच सांगण्यात आले होते, तेव्हा त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

मुदत असावी की नसावी, असा हा वाद नाही. रस्ते किती वेळ बंद ठेवायचे आणि पोलिसांना व स्वयंसेवकांना किती वेळ उभे करायचे, याला मर्यादा असणारच. 2019 मध्ये पणजीच्या मिरामारला पहिल्यांदा आयर्नमॅन 70.3 ही ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे यांची सलग शर्यत, झाली. तिच्यात 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे हे सारे साडेआठ तासांत संपवावे लागते, आणि तो नियम सडपातळांना व स्थूलांना सारखाच लागू असतो. माझी तक्रार एवढीच आहे की जाहीर केलेली वेळ सर्वांसाठी पाळली जावी. त्याच वर्षी लंडन मॅरेथॉनमध्ये साडेसात तासांत शर्यत पूर्ण होईल अशा गतीने चाललेल्या मागच्या गटाला सफाईच्या गाड्यांनी गाठले, त्यांच्या वाट्याला पाणी उरले नाही, आणि वर काही कंत्राटी कामगारांनी त्यांना लठ्ठपणावरून टोमणे मारले. शेवटी आयोजकांना जाहीर माफी मागावी लागली. म्हणजे हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे, असे समजून स्वतःला दोष देत बसायलाही नको.

खरे तर रांगेच्या शेवटी पाण्याची गरज जास्त असते, आणि त्यामागे साधे शरीरशास्त्र आहे. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. या हिशेबाने 21 किलोमीटरसाठी साठ किलोच्या माणसाला सुमारे 1,260 आणि मला सुमारे 2,000 किलोकॅलरी लागतात. त्यातील बराच मोठा भाग उष्णतेत जातो, आणि वजनाच्या मानाने माझ्या त्वचेचे क्षेत्रफळ कमी असल्यामुळे ती उष्णता बाहेर टाकणे मला अधिक जड जाते. त्यात गोव्याची दमट हवा, जिच्यात घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. मी हळू धावते याचा अर्थ मी कमी कष्ट घेते असा नाही. पोहण्यात मात्र हे गणित बरेच बदलते, कारण पाणी वजन तोलून धरते आणि चरबी तरंगते. सायकलवर बांबोळीचा चढ जे वसूल करतो, त्यातील थोडेफार पुढचा उतार परत देतो. (उताराला मला मागे टाकणारे फार थोडे आहेत, हे इथे नोंदवून ठेवण्याचा मोह आवरत नाही.)

गुडघ्यांविषयीचा सल्ला तर मला फोंड्याच्या बाजारात भाजीवालीपासून बँकेच्या व्यवस्थापकापर्यंत सर्वांनी दिला आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित अभ्यासात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण 3.5 टक्के, तर बैठे आयुष्य जगणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आढळले होते. वजन जास्त असले की सांध्यांवर भार जास्त पडतो, हेही तितकेच खरे आहे, आणि म्हणूनच मी अंतर अतिशय सावकाश वाढवत नेले. स्थूलपणाने काहीच बिघडत नाही, असा दावा मी कधी केलेला नाही. भारतीयांना मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो, म्हणून आपल्याकडे स्थूलतेचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 30 ऐवजी 25 पासूनच मोजतात, हे माझ्या डॉक्टरांनी मला नीट समजावले आहे. परंतु अमेरिकेतील डॅलसच्या कूपर संस्थेत स्टीव्हन ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाहणीतून असेही दिसले की, दमश्वास (हृदय-फुप्फुसांची क्षमता) चांगला असलेल्या स्थूल माणसांपेक्षा तो नसलेल्या सडपातळ माणसांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते. मग जो माणूस पहाटे साडेचारला उठून बूट चढवतो आहे, त्याच्याच प्रकृतीची एवढी चिंता का, आणि जो अंथरुणात आहे त्याची का नाही?

टोमण्यांपेक्षा मला कौतुकाचा अधिक कंटाळा आला आहे. ‘केवढी हिंमत!’ असे म्हणून अनोळखी माणसे न विचारता माझा फोटो काढतात. शंभर किलोंहून अधिक वजन असताना अल्ट्रामॅरेथॉन, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब शर्यती, पूर्ण करणाऱ्या अमेरिकन धावपटू मिर्ना व्हॅलेरिओ यांच्याविषयी वाचून मला बळ मिळाले, पण ते त्यांच्या अंतरामुळे मिळाले. आज रायबंदरला एका घराच्या दारात उभी असलेली म्हातारी ‘सवकास धांव गो बाय!’ असे ओरडली, तेव्हा आधी मी मनातून थोडी चिडले. मग मागे वळून पाहिले, तर माझ्यामागून वेगाने येणाऱ्या दोन काटक पोरांनाही ती तेच बजावत होती. दिवसभरातील एवढे एकच वाक्य मला मनापासून आवडले.

अमेरिकेत काही शर्यतींमध्ये जड वजनाच्या स्पर्धकांसाठी वेगळे गट असतात. ट्रायथलॉनमध्ये पुरुषांसाठी 220 पौंड आणि स्त्रियांसाठी 165 पौंडांपासून पुढे. माझ्या मैत्रिणीला ही कल्पना न्याय्य वाटते, कारण मुष्टियुद्धात आणि कुस्तीत वजनाचे गट असतातच. मला ती पटत नाही. नावनोंदणीच्या टेबलाशी वजनकाट्यावर उभे राहण्याची माझी तयारी नाही, आणि मला बक्षीस नको, पाणी हवे आहे.

आणि शर्यतीचा टी-शर्टही अंगात जाईल असा हवा आहे. ‘डबल एक्सएल’ म्हणून हाती पडलेला टी-शर्ट खांद्यात बसला, पण कमरेवर वर चढत राहिला. मांड्या घासू नयेत म्हणून मी व्हॅसलिन लावते, पण शिवण चुकीच्या जागी आली की तेही पुरत नाही, आणि सध्या काखेखाली जो लाल पट्टा उमटला आहे, त्यामुळे हे लिहितानाही हात टेबलापासून दूर धरावा लागतो आहे.

आयोजकांना ईमेल लिहून झाला आहे. त्यात तीन मागण्या आहेत: जाहीर मुदत संपेपर्यंत प्रत्येक थांब्यावर पाणी व मीठ-साखरेचे द्रावण ठेवावे, टी-शर्टची मापे नावनोंदणीच्या वेळीच इंचांत द्यावीत, आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला कोणाकडे लक्ष ठेवायचे याची लक्षणे लिहून द्यावीत: लंगडणे, भेलकांडणे, ओकारी, असंबद्ध बोलणे. वजनाचा उल्लेख मी मुद्दाम कुठेही केलेला नाही. नवऱ्याचे म्हणणे आहे की शेवटी आभाराची एक ओळ घालावी. ती त्या पाणी देणाऱ्या मुलासाठी घालते आणि सकाळी बँकेत जाण्यापूर्वी पाठवून देते.