भात्यावरची सुरी, फर्नेसमधली सुरी

हाताने सुऱ्या करणाऱ्यांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो: ऐरणीवर घडवलेली सुरी अस्सल की ग्राइंडरवर पट्टीतून काढलेली? मी आठवडाभर भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे पोलाद तापवून-विझवून हवं तितकं कडक करण्याचं काम करतो आणि रविवारी धायरीतल्या शेडमध्ये सुऱ्या. घाव घालून पोलाद 'घट्ट' होतं, हे मला अजिबात पटत नाही. कारखान्यातली पट्टी आधीच रोलमधून दाबून आलेली असते. घडवल्याने माल वाचतो, ग्राइंडरखाली त्याचा भुगा होतो, हा फरक मात्र खरा. सुरीचा कस लागतो तो तापवताना आणि विझवताना.

आळंदी रस्त्याला पाल टाकून बसणारं एक घिसाडी जोडपं आहे. मावशी घण मारतात, काका सांडशीत ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा फिरवत राहतात. पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं विझवायचं, ते सावलीतच, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. काका कोयत्याची फक्त धार पाण्यात बुडवतात, लगेच काढून विटेच्या तुकड्याने घासतात. पाठीतली धग धारेकडे सरकू लागते. घासलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग गडद, मग तपकिरी. निळा धारेला टेकायच्या आत अख्खा कोयता पाण्यात. जरा उशीर झाला की धार मऊ पडली! मला हे बघायचा कंटाळा येत नाही.

स्प्रिंग स्टीलसाठी माझ्याकडे फर्नेसमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या भट्टीत, हेच काम असं होतं: ८३० अंश सेल्सिअस, विझवायला कोमट तेल, मग ठिसूळपणा कमी करायला २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. पहिली सुरी जितकी कडक, तितकीच दहावी. ४४०सीसारखं स्टेनलेस तर १००० अंशांच्या वर नेऊन तिथे धरून ठेवावं लागतं. कोळशावर, नुसत्या नजरेने ते साधणं फार अवघड. म्हणून फर्नेसच्या सुरीला 'मशीनची' म्हणून नाक मुरडणारे मला आवडत नाहीत.

पण माझे आकडे चालतात ते मालासोबत पोलादात काय आहे हे सांगणारं टेस्ट सर्टिफिकेट येतं म्हणून. भंगारातल्या पाट्याचं काय? वर्षानुवर्षं खड्डे सोसून त्याला बारीक तडेही गेलेले असू शकतात. काका आधी कडेचा तुकडा तापवून विझवतात, हातोड्याने मोडतात आणि मोडलेल्या जागी पोलादाचा दाणा बारीक आहे की जाड ते बघतात. माझ्याकडे कुणी पाटा घेऊन आलं तर मीही तेच करतो. फर्नेसच्या कंट्रोलरवर तापमानाचा आकडा टाकायचा तो त्यानंतर.