रेस वाढवून का देत नाही, ते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि एकदाच लिहितोय. "सिग्नलला गाडी थरथरते हो, बंद पडेलसं वाटतं. तो स्क्रू अर्धा फेरा फिरवून रेस वाढवून द्या की, दोन मिनिटांचं काम." मी नाही म्हणतो. मग जाताना गेटपाशी ऐकू येतं, "याला जमत नाही," नाहीतर "याला बिल वाढवायचंय." दुसरं अधूनमधून खरं असतं. पहिलं नाही.

स्क्रू फिरवण्यात माझा हात धरणारा आमच्या वाईत एकेकाळी कुणी नव्हता. मी प्रीमियर पद्मिनीवर शिकलो. कार्बोरेटरच्या गाडीत तो स्क्रू फिरवणं हेच बरोबर होतं. बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली फिरती चकती, केसभर उघडली की हवा वाढायची, तिच्या खालच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जायचं, मग मिक्सचरचा दुसरा स्क्रू कानानं जुळवायचा. उस्ताद डोळे मिटून करायचे. मीही डोळे मिटायला लागलो, आणि तिथेच घोळ झाला.

कारण नंतर एमपीएफआय आलं, म्हणजे पेट्रोल कॉम्प्युटरच्या हुकमानं फवारलं जायला लागलं. बाहेरून सगळं तसंच, तीच पितळेची चकती, तीच केबल, तोच स्क्रू. फक्त आता त्याच्यावर, हात लावू नये म्हणून, कारखान्यातून रंगाचा ठिपका यायचा. तो ठिपका नखानं खरवडून काढताना मला कधी काही वाटलं नाही.

पाय उचलल्यावर चकती जवळजवळ मिटते, हे तुम्हाला माहीत आहे. पण "जवळजवळ" म्हणजे किती? आत पिस्टन ओढत असतात आणि वाट बंद, त्यामुळे मॅनिफोल्डमधला, म्हणजे चकतीपलीकडच्या नळ्यांतला, दाब बाहेरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. एवढा फरक असला की कडेच्या फटीतून हवा आवाजाच्या वेगानं घुसते. इंजिनाचा सगळा श्वास त्या एवढ्याशा जागेतून चाललेला असतो, म्हणून कडेवर क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या पेटीतल्या, वाफेची काजळी चढली की फरक पडतो. पाय दाबलेला असताना तीच काजळी कुणाला जाणवतही नाही. या गाड्यांत चकतीला वळसा घालणारी एक बारीक वाट असते आणि तिच्यावर छोटी मोटर असलेला व्हॉल्व्ह. एसी लावला, स्टीअरिंग वळवलं, इंजिन थंड असलं, की कॉम्प्युटर तो व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडून आठशेच्या आसपास आरपीएम धरतो. स्क्रूचं काम एवढंच, की चकती भोकात रुतून बसू नये. तुम्ही स्क्रू आत घेतला की चकतीतून हवा वाढते, कॉम्प्युटर तेवढाच व्हॉल्व्ह मिटतो. वरून सगळं छान. आतून त्याच्या हातातली सोय तुम्ही काढून घेतलेली असते.

हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे. वाचलं होतं. पटलं नव्हतं.

चौथीला मला शिकवलेले एक गुरुजी होते. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी, केबलवाली गाडी घेतली. एकदा आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीची रेस, पडत होतं, तर मी काजळी न काढता स्क्रू आत घेऊन दिला. गुरुजी खूश. दोन वर्षांनी गाडी पुन्हा आली तेव्हा मी शहाणा झालो होतो, थ्रॉटल बॉडी, म्हणजे चकती आणि तिचं घर, चकाचक धुतली. अर्थातच रेस पंधराशेला गेली, कारण काजळी गेली आणि माझा जुना अर्धा फेरा तिथेच होता. मग मी काय केलं? डोळे मिटले आणि स्क्रू मागे घेतला, आठशेचा आवाज येईपर्यंत. गरम इंजिन, एसी बंद, उभी गाडी. व्हॉल्व्हची वाट उघडून पाहिली नाही. संध्याकाळ झाली होती, दुसरी गाडी थांबली होती.

चार दिवसांनी गुरुजी आणि बाई पाचगणीहून पसरणी घाटानं खाली येत होते. एसी चालू, गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. वळणावर गुरुजींनी क्लच दाबला. आरपीएम खाली यायला लागले, आणि ज्या क्षणी व्हॉल्व्हनं पटकन हवा द्यायला हवी होती त्या क्षणी ती आली नाही. इंजिन गेलं. स्टीअरिंग जड. पायाला जोर देणारा ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्याच ओढीवर चालतो. साठ्यातली ओढ एक-दोन दाबांना पुरते, मग पायाखाली दगड. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी डाव्या अंगानं कठड्याला घासत थांबली. बाईंचं मनगट मोडलं.

मी गेलो तेव्हा ते कठड्यावर बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अरे, पाय काढला की ते झाकण मिटतं ना? मग गाडी चालते कशावर?" एवढंच विचारलं. आणि मी, त्यांचा विद्यार्थी, काय बोललो? "गुरुजी, क्लच सोडला असतात तर इंजिन परत फिरलं असतं." वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. आजही बरोबर आहे. बाई हात धरून बाजूलाच उभ्या होत्या.

त्या रात्री मी व्हॉल्व्ह काढला, तो डिंकासारखा चिकटलेला होता. तो साफ केला, स्क्रू मूळ खुणेवर आणला, गाडी सुतासारखी चालली. पण दोन्ही एकाच रात्री केल्यामुळे आता कधीच कळणार नाही, की दोष माझ्या स्क्रूचा होता की व्हॉल्व्हचा. कदाचित व्हॉल्व्ह एकटाच पुरेसा होता. तसं असेल तर तुम्हाला नाही म्हणायचं माझं कारण अर्धं कोसळतं, हे मला कळतं. मी तरी नाहीच म्हणतो.

नव्या गाड्यांचं विचारूच नका. तिथे केबलही नाही, चकती मोटर फिरवते. बंद गाडीत स्प्रिंग तिला मुद्दाम थोडी उघडी ठेवते आणि आयडलिंगला मोटर उलट ओढून ती मिटवते. धुतल्यावर रेस वाढली तर स्कॅनर लावून कॉम्प्युटरनं शिकलेलं पुसावं लागतं. त्याचे पैसे मी घेतो.

गुरुजी पुढची सहा वर्षं माझ्याकडेच येत राहिले. दर वेळी बॉनेट उघडायला लावायचे आणि स्क्रूवर मी लावलेला पिवळा रंग वाकून बघायचे, बोलायचे काही नाही. मग त्यांनी गाडी विकली. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा तीच गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, रेस जरा वाढवून द्या ना." मी बॉनेट उघडलं. पिवळा रंग तडकलेला होता.