पालकाची सही

बचत गटाच्या बैठकीत, पावसच्या एसटीत, एकदा तर बाराव्याच्या पंगतीत. प्रश्न तोच असतो. "चाळिशीला टेकून कॉलेजात गेलीस, पोरांनी छळलं, सरांनीही ऐकून घेतलं नाही म्हणतात. टिकलीस कशी गो? सोडावंसं नाही वाटलं?" विचारणाऱ्यांतल्या निम्म्या जणींना स्वतःलाच फॉर्म भरायचा असतो, हे मला आता चेहऱ्यावरून कळतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

वाटलं. दोनदा.

मी बारावी झाले २००१ साली आणि बी.ए.ला प्रवेश घेतला २०२२ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी. थोरला तेव्हा अकरावीत होता. कॉलेज रत्नागिरीतलं. नाव लिहीत नाही, कारण तिथे चांगली माणसंही भेटली. सकाळची एसटी, भाट्याचा पूल, स्टँडवरून पायी. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळा वर्ग उभा राहिला. "गुड मॉर्निंग मॅडम!" त्यांना मी खरंच बाई वाटले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांना माहीत होतं.

मग माझ्या बाकावर खडूनं लिहिलेलं सापडलं, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव'. एसटीत असतं तसंच, अक्षरही सुबक. खरं सांगते, त्यालाही मी हसले. डब्यात सुकट निघाली की मागचा बाक नाक दाबायचा, आणि ही कोण पोरं? मिरकरवाडा बंदराच्या आसपासची, ज्यांच्या घरी रविवारी सौंदाळा माशाच्या शेवटच्या तुकडीवरून भांडणं होतात ती. मी घास घेत असतानाचा फोटो कोणीतरी काढला आणि त्याचा स्टिकर केला. वर्गाच्या ग्रुपवर कुणी काही मागितलं की उत्तर म्हणून तो स्टिकर. मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागून बारीक आवाजात "काकूऽऽ".

आता अडचण बघा. 'काकू' ही काही शिवी नव्हे. माझ्या पुतण्या मला काकूच म्हणतात. तक्रार काय करणार, की मुलं मला मानानं हाक मारतात? आपल्याकडे मानाचाच शब्द तोंडावर फेकून मारता येतो, आणि वर "आम्ही तर आदरानंच बोललो" असं म्हणायला माणूस मोकळा.

एक मूर्खपणा मीही केला. गणपतीच्या सुट्टीनंतर सगळ्यांसाठी घरची फणसपोळी घेऊन गेले. वाटलं, पोटातून मनात शिरू. फणसपोळी पाच मिनिटांत संपली. संध्याकाळी नवा स्टिकर आला, हातात डबा घेतलेली मी, खाली 'काकू कॅटरर्स'. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, पुरे.

प्रकल्पासाठी गट पाडायचे होते, मला कोणी घेईना. सरांना सांगितलं तर ते वर्गासमोरच म्हणाले, "काकू, तुम्हाला थोडीच नोकरी करायचीय? एकट्याच करा निवांत." वर्ग हसला. सर म्हणत होते म्हटल्यावर पोरांना मोकळं रानच. याच सरांनी एकदा धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट रंगवून सांगितली होती. आपल्या दापोलीच्या मुरूडचे कर्वे परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, आणि लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू न देता परत पाठवलं. सांगताना सरांचा गळा दाटून आला होता. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होते.

विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "लेकरं आहेत हो. तुमचा मुलगा त्यांच्याच वयाचा ना? तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्या." दुसऱ्यांदा सोडावंसं वाटलं ते इथे, त्या 'समजून घ्या'पाशी. फी मीही तेवढीच भरली होती. ७५ टक्के हजेरी मलाही होती, आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांतसुद्धा. सवलत एकाही ठिकाणी नाही, फक्त सोसायच्या वेळी मी मोठी.

घरी येऊन कागदांची पिशवी उपसली, दाखला परत मागायला काय काय लागतं ते बघायला. त्यात रॅगिंगविरोधी हमीपत्राची झेरॉक्स निघाली. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांकडून घेतात ते. त्यावर पालकाची सही लागते. खिडकीतल्या क्लार्कनं "पालक कोण?" विचारून मिशीत हसून घेतलं होतं, म्हणून मी हट्टानं सासूबाईंची सही नेली होती. चौथी शिकलेल्या. पूर्ण नाव लिहायला दहा मिनिटं लागली. घाईत मी तो कागद वाचलाच नव्हता. आता वाचला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम त्यात होते. नवख्या 'किंवा इतर कोणत्याही' विद्यार्थ्याला चिडवणं, उद्धटपणे वागवणं, मानसिक त्रास देणं म्हणजे रॅगिंग. वयाची अट कुठेही नाही. काकूही विद्यार्थीच.

आपल्या राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, हे नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं. तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर कायदा त्यालाच रॅगिंगला मदत करणारा धरतो. दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत कैद. मला कुणाला कैदेत घालायचं नव्हतं, पण तोंडी रडगाणं आणि लेखी अर्ज यांतला फरक तेव्हा उमगला.

अर्ज प्राचार्यांच्या नावे केला. तारीख, तास, काय झालं, कोण हजर होतं, एवढंच. 'मला फार वाईट वाटलं' हे वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. स्टिकरच्या छापील प्रती जोडल्या. क्लार्क म्हणाला, "ठेवून जा." म्हटलं, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का द्या, मग जाते. "साहेब जेवायला गेलेत." म्हटलं, थांबते. मागे रांग लागली. अडीच वाजता शिक्का पडला.

पाचव्या दिवशी बोलावणं आलं. समितीपुढे चार मुलं, त्यांचे आईबाप. एका आईनं मला बाहेर गाठून हात जोडले. ती माझ्याहून लहान होती, मला फार अवघडल्यासारखं झालं. मुलांनी लेखी माफी दिली. दोघांनी मनापासून, दोघांनी भिंतीकडे बघत. स्टिकर ग्रुपवरून गेला. फोनमधून गेला असेल असं काही मी मानत नाही. मैत्री वगैरे झाली नाही. बाक तेवढा स्वच्छ राहिला.

सरांचं काय, हे सगळ्या विचारतात. रॅगिंगचे नियम विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्याला दिलेल्या त्रासाचे. शिक्षक किंवा ऑफिस नीट वागत नसेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जायचं. २०२३ च्या नियमांप्रमाणे या समितीनं शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे १५ दिवसांत अपील. मी गेले का? तिसऱ्या वर्षाचा निकाल हातात पडल्यावर गेले. अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते, मी घाबरले. आधी जायला हवं होतं असं वकीलबाई म्हणतात. त्यांना परीक्षा द्यायची नव्हती. सरांना समज दिल्याचं पत्र मला आलं. सर स्टँडवर दिसतात. मी नमस्कार करते, ते मोबाइल बघतात.

तेव्हा ज्या जणी यंदा फॉर्म भरणार आहेत त्यांनी बारावीचं मूळ गुणपत्रक आत्ताच शोधून ठेवा, ऐन वेळी ते कुठल्या तरी ट्रंकेत निघतं. मधल्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागेल. कोणताही अर्ज दोन प्रतींत करा. आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाइन लिहून घ्या, १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते आणि पैसे पडत नाहीत.

पालकाच्या सहीला कोणाला न्यायचं, हेही परवा एकीनं विचारलं. सासू असेल तर तिचीच घ्या. आमच्या सासूबाईंना तिसऱ्या वर्षी दोनच मिनिटं लागली, आणि खाली त्यांनी स्वतःहून रेघही मारली.